नावाआधीचा 'एस'

मी आनेकलहून बोलतेय. बेंगळुरूच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या हद्दीला टेकलेलं हे तालुक्याचं गाव. इलेक्ट्रॉनिक सिटी ठाऊक असेल तुम्हाला, तिच्याही पुढे. आमच्या चार पिढ्या इथे झाल्या. घरात मराठी, दारात कन्नड, बाजारात तेलुगू आणि तमिळही. बँकेत सदतीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कंपन्यांमुळे पुण्या-मुंबईची पुष्कळ मंडळी चंदापूर, अत्तिबेले, जिगणी या बाजूला राहायला आली. त्यांच्याशी ओळख झाली, मराठीत दोन वाक्यं बोलून झाली, की तिसरा प्रश्न ठरलेला: "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हणते, आनेकलच्या. "नाही हो, मूळच्या?" मग मी गप्प. आयुष्यभर या प्रश्नाला मी तेच उत्तर देत आले जे अण्णा देत, अण्णांचे वडील देत. "आम्ही शहाजीराजांबरोबर आलो."

हे उत्तर इथल्या बहुतेक मराठी घरांत मिळेल. त्याला आधार नाही असंही नाही. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा सगळा मुलूख त्यांच्याकडे होता. 1664 मध्ये ते गेले तेही कर्नाटकातच, होदिगेरे गावाजवळ. तिथे त्यांची समाधी आहे. तेव्हा फौजेबरोबर माणसं आली, राहिली, हे खरं. पण त्यातले आम्ही, हे कुणी सांगितलं?

आम्ही नामदेव शिंपी. घरात गोष्ट अशी होती की पूर्वज राजांच्या फौजेचे तंबू शिवायचे. मला ही गोष्ट फार आवडायची. पुढे माझ्या चुलतभावाच्या तोंडी ते 'फौजेच्या कापडकोठीचे प्रमुख' झाले. आणि अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला घराण्याची एक पुस्तिका छापायची ठरली, तेव्हा त्याने पहिल्या पानाचा मजकूर लिहून आणला. त्यात ते सरदार झाले होते. सुई-दोरा गायब, हातात तलवार!

मी म्हटलं, छापण्याआधी एकदा बघू दे. वंशावळीचं काम माझ्याकडे होतं, कारण मी निवृत्त, आणि बँकेत खाती जुळवण्यात जन्म गेलेला. हातात सात-आठ महिने होते.

घरातल्या माणसांची नावं मी आज घेणार नाही. आत्याने तेवढी एक अट घातली आहे. ती ऐकणार आहे हे, म्हणून पाळते.

आता आमची अडचण ऐका, कारण दक्षिणेत राहणाऱ्या पुष्कळांची हीच असेल. महाराष्ट्रात आडनावावरून शोध सुरू होतो. इकडे आडनाव कागदावर उरलेलंच नसतं. नावापुढे 'राव', आणि नावाआधी इंग्रजी अक्षरं. पहिलं अक्षर बहुधा गावाचं, दुसरं वडिलांचं. आमचं आडनाव फक्त लग्नपत्रिकेत छापायचे, म्हणून आत्याला तरी ठाऊक होतं. अण्णांच्या नावाआधी पहिलं अक्षर 'एस'. आजोबांच्याही 'एस'. आम्ही राहतो आनेकलला, म्हणजे 'ए' हवा. मग हा 'एस' कुठला? अण्णा म्हणायचे, सर्जापूरचा. सर्जापूर आमच्याच तालुक्यात, पंचवीसेक किलोमीटरवर. चुलतभाऊ म्हणायचा, साताऱ्याचा. आत्या म्हणायची, शाळेच्या मास्तरने चुकून लिहिला असेल, त्यांना काय!

माझी मुलगी अमेरिकेत असते. 2023 च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते. तिने विचारलं, ग्रँड कॅन्यन बघायचं का? मी म्हटलं, मला सॉल्ट लेक सिटीचं वंशावळीचं ग्रंथालय बघायचंय. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

या ग्रंथालयाबद्दल थोडं सांगते. कौटुंबिक इतिहासाचं जगातलं सगळ्यात मोठं ग्रंथालय म्हणून ते ओळखलं जातं. 1894 मध्ये तिथल्या चर्चने वंशावळींसाठी संस्था काढली, त्यातून हे वाढलं. आताची इमारत 1985 ची. पूर्वी फॅमिली हिस्टरी लायब्ररी म्हणत, आता फॅमिलीसर्च लायब्ररी. आत जायला पैसे नाहीत, तुमचा धर्म कुणी विचारत नाही. यांच्या लोकांनी देशोदेशी जाऊन चर्चची, सरकारची, गावांची जुनी दफ्तरं मायक्रोफिल्मवर उतरवली. चोवीस लाखांच्या आसपास रिळं. मूळ रिळं तिथल्या डोंगरात, ग्रॅनाइटच्या पोटात कोरलेल्या तिजोरीत ठेवतात. 2021 मध्ये या सगळ्या रिळांचं संगणकीकरण पूर्ण झालं. म्हणजे त्यातलं पुष्कळसं तुम्ही घरी बसून, फुकट खातं उघडून बघू शकता. काही चित्रं मात्र करारामुळे त्यांच्या केंद्रात किंवा जोडलेल्या ग्रंथालयात गेल्यावरच दिसतात.

आपल्याकडचंही त्यांच्याकडे आहे बरं का. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या, कुरुक्षेत्र, पेहोवा, ज्वालामुखी, चिंतपूर्णी इथल्या वह्या त्यांनी चित्रित केल्या. पंजाब-हरियाणातल्या माणसाला तिथे आपला पणजोबा भेटू शकतो. इंग्रज अमदानीतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नोंदींची सूची आहे. पण आनेकलच्या शिंप्यासाठी? सूचीत 'इंडिया' उघडलं, 'मैसूर' उघडलं, गॅझेटियरं निघाली. तीही बघितली, कारण विमानाचं तिकीट वसूल करायचं होतं. आमचं काही नाही.

तिथे छातीवर बिल्ला लावलेली स्वयंसेवक मंडळी असतात. बहुतेक माझ्यासारखी निवृत्त. एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी विचारलं, आडनाव? मी म्हटलं, राव. गाव? मी म्हटलं, एस. ते हसले नाहीत. कागद पुढे ओढला आणि म्हणाले, हे मला नीट समजावून सांगा.

मी सांगितलं, पहिलं अक्षर गावाचं वगैरे. त्यावर त्यांनी स्वतःच्या घराण्याची गोष्ट सांगितली. त्यांचे पूर्वज नॉर्वेचे. तिथे जुन्या काळी नाव असं असायचं: स्वतःचं नाव, मग वडिलांच्या नावाला 'चा मुलगा' असा प्रत्यय, आणि मग ज्या शेतवाडीवर राहायचे त्या वाडीचं नाव. आता गंमत अशी, की माणसाने वाडी सोडली आणि दुसऱ्या वाडीवर राहायला गेला, की शेवटचं नाव बदलायचं. ते आडनाव नव्हतंच मुळी, पत्ता होता! अमेरिकेत आल्यावर मात्र जे कुणाच्या तोंडी होतं तेच गोठलं. त्यांनी म्हणे दोन वर्षं एका वाडीच्या दफ्तरात पणजोबा शोधला, आणि तो तिथे फक्त काही वर्षं चाकरीला होता.

मग ते म्हणाले, तुमच्या वडिलांचा 'एस' कुठला हे विचारू नका. हा 'एस' पहिल्यांदा कुणी लावला, ते शोधा. तो त्या माणसाचा पत्ता आहे.

एवढ्या एका वाक्यासाठी मी सात समुद्र ओलांडून गेले होते असं म्हणायला हरकत नाही. कारण तोपर्यंत मी काय करत होते? साताऱ्यापासून, शहाजीराजांपासून खाली येत होते. मोठ्या नावापासून आपल्या दारापर्यंत रस्ता शोधत होते. असा रस्ता सगळ्यांनाच सापडतो, हेच त्यातलं वाईट. फॅमिलीसर्चवर एक जगभराचा सामाईक वंशवृक्ष आहे, त्यात कुणीही भर घालू शकतो, कुणीही दुरुस्त करू शकतो. दुसऱ्याने लिहिलंय म्हणून तिसरा उतरवतो. त्या गृहस्थांनी मला बजावलं, झाडावर लटकलेलं नाव घेऊ नका, त्या नावाखाली कागद आहे का बघा. आणि आणखी एक सवय लावली. एक वही करायची. कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, काय मिळालं. आणि काही मिळालं नाही, तर 'मिळालं नाही' हेही लिहायचं. नाहीतर सहा महिन्यांनी माणूस त्याच कपाटात परत हात घालतो. बँकेतल्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही.

जाता जाता मोठ्या घराण्याचंही सांगते, कारण चुलतभावाला मी हेच सांगितलं होतं. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास भिंतीवर कोरलेला आहे. मराठीत. सरफोजीराजांनी 1803 मध्ये तो कोरवला, मजकूर त्यांच्या चिटणीसांचा, बाबूरावांचा. दगडातला एवढा मोठा कुलवृत्तांत आपल्याकडे दुसरा मला तरी माहीत नाही. मी दोनदा बघून आलेय. जवळच्या काळाचं सांगताना त्यात कितीतरी कामाचे तपशील आहेत. पण वर जाऊ तसा तो सूर्यवंशापर्यंत पोचतो. राजांनासुद्धा वर काहीतरी भरजरी लावावंसं वाटलं, तर आमच्या भावाला का दोष द्यायचा!

असो. परत आले आणि अण्णांच्या खाटेखालची लोखंडी ट्रंक ओढली.

ही ट्रंक आम्ही दर दसऱ्याला पुसायचो, उघडायचो नाही. आत कंदायाच्या म्हणजे घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्डं, अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या दुकानाच्या मापाच्या वह्या. मापाच्या वह्यांत अर्धं गाव आहे. कुणाची छाती किती, कुणाचा हात किती, कुणाचे पैसे बाकी. आणि एका कापडात गुंडाळलेलं, घराचं 1931 चं खरेदीखत. मजकूर कन्नड, खाली आजोबांची सही. कन्नडमध्ये.

मी ते खत आधी पाहिलेलं होतं. घरपट्टीच्या कामासाठी त्याची झेरॉक्सही काढली होती. पण सही वाचली नव्हती. सही कोण वाचतं? या वेळी भिंग घेऊन बसले. नावाआधी कन्नडमध्ये अक्षर होतं, 'शि.'

आता हे महत्त्वाचं का, ते सांगते. इंग्रजीत 'एस' म्हणजे काहीही. स, श, ष, सा, शि, सु, सगळं एका गोणीत. पण जुनी कन्नड माणसं आद्याक्षर लिहिताना शब्दाचं पहिलं अक्षर काना-मात्रेसह लिहीत. पु.ति.न. म्हणजे पुरोहित तिरुनारायण नरसिंहाचार. आणि द. रा. बेंद्रे तर आपल्यालाही ओळखीचे, घरी मराठी बोलणारे कन्नडचे मोठे कवी, दत्तात्रेय रामचंद्र. तेव्हा 'शि' म्हणजे शि. सर्जापूर गेलं. सातारा गेला. शाळेच्या मास्तरावरचा आळही गेला. 'एस' त्याने इंग्रजीत केला असेल, पण अक्षर घरून आलं होतं.

'शि'ची गावं वहीत लिहिली. शिवमोग्गा, शिकारीपूर, शिग्गाव, शिडलघट्टा, शिरे. शिडलघट्टा रेशमाचं गाव आणि आनेकललाही रेशीम विणणारे पुष्कळ, म्हणून मन तिकडे धावत होतं. तरी तीन आठवडे मी पुस्तकांत गेले. बेंगळुरूला नृपतुंग रोडवर मिथिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, 1909 ची संस्था. तिथे 'एपिग्राफिया कर्नाटिका'चा नववा खंड काढला. राईससाहेबाने बेंगळुरू जिल्ह्यातले शिलालेख त्यात छापलेत, 1905 साली. आमच्या तालुक्यातले लेख भरपूर आहेत. कोणी तळं बांधलं, कोणी देवाला जमीन दिली. जमीन देणारे दगडावर येतात, कपडे शिवणारे येत नाहीत. वहीत लिहिलं: मिळालं नाही.

मग आत्याकडे गेले. आत्या तेव्हा अठ्ठ्याऐंशीची, होसूरला राहते. तिला वंशावळ विचारली की ती चिडते. म्हणून मी विचारलं, घरात कुणी काशीला, गयेला, कुठे गेलं होतं का? ती म्हणाली, "काशीला कुठलं जातंय. आमचे आजोबा नाशिकला गेले होते. वडिलांचं करायला. येताना गंगेचं पाणी आणलं ते किती वर्षं कोनाड्यात होतं." झालं! पंढरपूर मी धरून चालले होते, शिंपी म्हटल्यावर नामदेवांची पायरी. नाशिक डोक्यातच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या असतात. यजमान आला की उपाध्याय त्याचं नाव, बापाचं, आजोबाचं, भावांचं, मुलांचं नाव, जात, गाव आणि येण्याचं कारण लिहून ठेवतात, खाली यजमानाची सही घेतात. पुढच्या पिढीतला कुणी आला की मागचं पान उघडून पुढे लिहायचं. गावांप्रमाणे आणि घराण्यांप्रमाणे यजमान वाटलेले असतात. आपले उपाध्ये कोण, एवढं कळलं की अर्धं काम झालं. अमेरिकेच्या डोंगरातल्या तिजोरीत जे नव्हतं, ते रामकुंडाजवळच्या कुणाच्या तरी माळ्यावर असण्याची शक्यता होती.

कार्तिकात मी आणि माझा भाचा नाशिकला गेलो. पहिल्या दिवशी फिरलो नुसते. एका ठिकाणी वही न उघडताच दक्षिणेचा आकडा सांगितला, तिथून उठलो. दुसऱ्या दिवशी एका वयस्कर गुरुजींनी आडनाव, जात विचारली आणि म्हणाले, "गाव?" मी आनेकल म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग मी 'शि'ची यादी वाचायला लागले. शिवमोग्गा, नाही. शिकारीपूर, नाही. शिरे म्हटल्यावर ते थांबले. "शिऱ्याचे थोडे शिंपी आमच्याकडे आहेत. तुमकूरकडचं शिरे ना?"

वही लांबट, लाल कापडात. पानं कडेला तपकिरी झालेली. तासाभराने पान निघालं. शके 1835, कार्तिक. शकात 78 मिळवायचे, म्हणजे 1913. नाव पणजोबांचं. बापाचं नाव, आजाचं नाव, दोन भाऊ. तीन मुलगे, त्यातला थोरला माझे आजोबा. 'वस्ती आनेकल, पूर्वी शिरे, प्रांत मैसूर.' आणि पुढे: 'मूळ देशीचे. गाव ठाऊक नाही.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. एकशे दहा वर्षांपूर्वी त्या माणसाला त्याच जागी तोच प्रश्न विचारला होता, तुम्ही मूळचे कुठले. आणि त्याने सरळ सांगितलं होतं, ठाऊक नाही. शहाजीराजांचं नाव घेतलं नाही, तंबूचं नाही. त्याच्यासमोर वही होती, वडिलांचं पिंडदान होतं. तिथे तो गोष्ट सांगत बसला नाही.

शिऱ्यात मराठी माणूस असण्याला कारणं हवी तेवढी आहेत. शहाजीराजांची जहागीर झाली, पुढे मोगलांचं ठाणं, मग पेशवे आणि हैदर यांच्या लढायांत ते गाव या हातातून त्या हातात जात राहिलं. यातल्या कुठल्या वावटळीत आमचा माणूस तिथे पडला, ते वही सांगत नाही. मीही सांगणार नाही.

पण खरी गोष्ट याच्या खाली होती. उपाध्यायांची नोंद संपल्यावर पणजोबांची सही, कन्नड लिपीत. आणि सहीखाली दीड ओळ, त्याच हातची. गुरुजी म्हणाले, "ही ओळ आम्हाला येत नाही. माझ्या वडिलांनाही येत नव्हती. तुमच्याकडची लिपी आहे." मला वाटलं कन्नड मजकूर असेल. वाचायला लागले आणि शब्द कळेनात. मग मोठ्याने वाचलं. मराठी होतं ते. आमच्या घरातलं मराठी, कन्नड अक्षरांत. त्याला बाळबोध येत नसणार. 'थोरल्याची आई शिऱ्यास मारीत गेली.' मग तिचं नाव. आणि 'विसरू नये.'

थोरला म्हणजे माझे आजोबा. आजोबांची आई म्हणून आम्हाला जी ठाऊक होती, जिचा फोटो देवघराशेजारी आहे, ती आनेकलचीच. आनेकल तिचं माहेर. ती दुसरी. पहिली शिऱ्यात साथीत गेली, मागे मूल ठेवून. आमच्या हिशेबाने आजोबा तेव्हा दोन-तीन वर्षांचे असावेत. 1898 मध्ये बेंगळुरूत प्लेग आला आणि पुढची काही वर्षं तो मैसूर संस्थानात फिरत होता. 'मारी' म्हणजे तोच की पटकी की देवी, ते लिहिलेलं नाही. एवढंच, की पणजोबा शिरे सोडून आनेकलला आले, इथे दुसरं लग्न झालं, आणि त्या दुसरीने थोरल्याला असं वाढवलं की घरात कुणाला कधी कळलंही नाही. आत्यालासुद्धा नाही.

एकशे दहा वर्षं ती ओळ त्या घरात होती. ज्यांच्याकडे होती त्यांना वाचता येत नव्हती, आणि ज्यांना वाचता आली असती ते कुणी गेले नव्हते. गुरुजींनी फोटो काढू दिला. मग त्यांनी नवीन पान उघडलं आणि आम्हाला सांगितलं, आता पुढचं तुम्ही लिहा. मी सगळ्यांची नावं घातली. मुलींची, सुनांचीही. त्यांनी एकदा बघितलं माझ्याकडे, पण काही म्हणाले नाहीत. ती कन्नड ओळ मी खाली देवनागरीत लिहून ठेवली.

नाशिकहून निघताना मला आनंद कमी आणि धास्ती जास्त होती. पुस्तिका छापायला आठवडे राहिले होते. भावाला सरदारकी सोडायला लावायची, ते एक. पण अण्णा? ऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचं, तुम्ही जिला आजी म्हणत आलात ती तुमच्या वडिलांची सख्खी आई नव्हती? भाचा म्हणाला, मावशी, नको सांगूस. कुणाचं अडलंय? आनेकलला पोचल्यावर मी पाच दिवस बोलले नाही. वहीतही काही लिहिलं नाही.

शेवटी पितृपक्षाची आठवण झाली, म्हणून बोलले. अण्णा दरवर्षी श्राद्ध करतात. भटजी नावं विचारतात: पिता, पितामह, प्रपितामह. माता, पितामही, प्रपितामही. पितामही म्हणून अण्णा त्या फोटोतल्या आजीचं नाव घेतात. साठ वर्षं घेताहेत. म्हणजे जी साथीत गेली, तिच्या नावाने पाणी सोडणारं त्या एका नाशिकच्या दिवसानंतर कुणी नव्हतं. मला स्वतःला यात फार श्रद्धा आहे असं नाही. पण अण्णांना आहे. आणि हे त्यांचं होतं, माझं नव्हतं. ते मी ठेवून घेतलं असतं तर ती अफरातफर झाली असती.

फोटो मोठा करून टॅबवर दाखवला. त्यांनी स्वतः वाचलं, सावकाश, अक्षर लावत. वाचून झाल्यावर बराच वेळ टॅब मांडीवर तसाच. मग त्यांनी विचारलं, "वय किती असेल तिचं?"

मी म्हटलं, वीस-बावीस असेल. जास्त नाही.

"माझ्या नातीपेक्षा लहान," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "दोघींचं नाव घ्यायचं. आधी हिचं का तिचं, ते भटजींना विचार."

भटजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, सोय आहे. सापत्न नात्याचंही स्थान विधीत आहे, तुम्ही काही नवीन करत नाही. अण्णांना ते फार बरं वाटलं. फोटो हलवायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. तिने वाढवलं, ती आजीच.

पुस्तिका छापली. पहिल्या पानावर शहाजीराजे नाहीत. तिथे नाशिकच्या पानाचा फोटो आहे, खाली ती दीड ओळ. वंशावळ पणजोबांच्या आजापाशी थांबते, त्याच्या वर रिकामी जागा आहे. चुलतभाऊ समारंभाला आला, जेवला, पण पुस्तिका घेऊन गेला नाही. नंतर त्याच्या मुलाने गुपचूप दोन प्रती मागून नेल्या. तंबूची गोष्ट मी शेवटच्या पानावर दिली आहे, 'घरात सांगतात' असं म्हणून. गोष्टही घरचीच ना, टाकवत नाही.

मला आता लोक विचारतात, सॉल्ट लेकला जाऊन काय मिळालं? तिथे आमचं एक नाव मिळालं नाही, वहीत तसंच लिहिलंय. तुम्हाला जायची गरजही नाही, बरंचसं घरबसल्या दिसतं. आणि तुमचे पूर्वज पेशव्यांच्या चाकरीत असतील तर पुण्याचं पेशवे दफ्तर आहे, तंजावरकडचे असाल तर सरस्वती महालात मोडी कागद आहेत. पण तिकडे जाण्याआधी घरची ट्रंक. आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. या कामात तेवढीच एक घाई असते. आमची आत्या 'नाशिक' म्हणाली नसती, तर मी अजून शिडलघट्ट्यातच फिरत असते.

हो, एक राहिलं. अण्णांनी सही बदलली. ऐंशी वर्षांनी कन्नडमध्ये, 'शि.' लावून. फार खुशीत होते. त्याच महिन्यात पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि काउंटरवरच्या मुलीने कागद परत केला, सही जुळत नाही म्हणून. मला फोन केला, रागाने, की तुझी बँक अशी कशी? मी म्हटलं, अण्णा, तिच्या जागी मी असते तर मीही परत केला असता. आता बँकेत 'एस' आणि घरी 'शि', असं चाललंय.